नॅप्सचा शिकाऊ उमेदवार लहान कारखान्याला परवडतो का?

सरकारी योजना म्हटली की पहिला प्रश्न येतो तो अनुदानाचा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत सगळे जिला नुसते ‘नॅप्स’ म्हणतात तिच्यात, त्याचे उत्तर सोपे आहे. ठरलेल्या विद्यावेतनाच्या २५ टक्के, आणि तेही महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. एवढ्यासाठी पोर्टल, करार, हजेरी आणि परीक्षा अंगावर घ्यायची असेल तर नका घेऊ. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीतल्या वीस-चाळीस माणसांच्या शॉपला, म्हणजे मशीनवर सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्याला, या योजनेत मिळते ते वेगळे आहे. आयटीआयचा मुलगा किंवा मुलगी वर्षभर कायदेशीर करारावर शिकायला येते, त्या काळात ‘कामगार’ धरली जात नाही, आणि जाताना देशभर चालणारे प्रमाणपत्र घेऊन जाते. शिकवायला माणूस आणि वेळ काढणार असाल तर योजना घेण्यासारखी आहे. मशीनवर नुसता हात हवा असेल तर सरळ हेल्पर ठेवा, त्याला पूर्ण पगार द्या आणि हा लेख इथेच सोडा.

योजना ऑगस्ट २०१६ मध्ये आली, पण तिच्या खालचा कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्यातली तुरुंगाची तरतूद काढली आणि २०१९ च्या नियमांनी संख्येचे गणित बदलले. आज ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक. चारच्या खाली घेता येत नाहीत. घ्यायचे किती, तर एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के.

या ‘एकूण’ शब्दात निम्मे मालक अडखळतात. कायम कामगार २२ आणि कंत्राटदाराची माणसे १४ असतील, तर कायद्याच्या लेखी तुम्ही ३६ चे आहात, २२ चे नाही. म्हणजे ऐच्छिक गटातून बंधनकारक गटात आलात. ३६ च्या २.५ टक्क्यांनी किमान एक उमेदवार घ्यावा लागतो आणि १५ टक्क्यांनी जास्तीत जास्त पाच घेता येतात. कमी पडणाऱ्या प्रत्येक उमेदवारामागे दंड आहे: पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, पुढे भरती होईपर्यंत दरमहा १,०००. दंडाची रक्कम कोणाला घाम फोडणारी नाही. पण मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये हा रकाना रिकामा दिसला की त्यावर प्रश्न येतो, आणि त्याची धास्ती दंडापेक्षा जास्त असते.

आता पैशाचा हिशोब. २०१९ च्या दराने पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्याला दरमहा किमान ५,००० रुपये, दहावीला ६,०००, बारावीला आणि आयटीआय पास झालेल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० असे विद्यावेतन आहे. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ द्यावी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढ सुचवली. म्हणून करार करायच्या दिवशी पोर्टलवर दिसणारा दर पाहूनच आकडा टाका, गेल्या वर्षीची एक्सेल फाइल उघडून नको.

आयटीआय झालेल्या टर्नरचे (लेथवर काम करणाऱ्याचे) ७,००० रुपयांचे उदाहरण घ्या. २५ टक्के म्हणजे १,७५० होतात, पण मर्यादा १,५०० ची. म्हणजे कंपनीचे ५,५००. नववी झालेल्या मुलाच्या ५,००० वर सरकारचे १,२५० आणि कंपनीचे ३,७५०. तुम्ही टर्नरला ११,००० द्यायचे ठरवले तरी सरकारचा वाटा १,५०० वरच थांबतो, वाढीव चार हजार पूर्ण तुमचे. आणि ते द्यावे लागतात. चाकण-भोसरी पट्ट्यात खोलीचे भाडे चौघांत वाटून, मेसचा डबा लावून आणि बसचा पास काढून ७,००० त महिना निघत नाही. किमान दरावर आलेला मुलगा दिवाळीला गावी जातो तो परत येत नाही. मग कागदपत्रांवर घालवलेले तीन आठवडे वाया. गावातच आयटीआय आणि गावातच शॉप असेल, मुलगा घरून डबा घेऊन येत असेल, तर किमान दर चालून जातो. शिरोली किंवा इचलकरंजीकडे हे जमते, चाकणला क्वचित.

पहिल्या काही वर्षांत कंपनीने पूर्ण विद्यावेतन द्यायचे आणि सरकारचा वाटा मागून वसूल करायचा, अशी पद्धत होती. लहान कारखान्यांचे दावे महिनोन्महिने लटकायचे. ऑगस्ट २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जाऊ लागला. कंपनीच्या डोक्यावरचे वसुलीचे ओझे गेले, ही योजनेतली सगळ्यात चांगली सुधारणा. पण तिने एक नवा गैरसमज जन्माला घातला. मुलाला सांगितलेले असते ७,०००, कंपनीकडून खात्यात येतात ५,५००, आणि दीड हजार वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने, कधी वेगळ्याच खात्यात. ‘कंपनीने दीड हजार कापले’ ही बातमी कँटीनमध्ये दुपारपर्यंत पसरते. उपाय सोपा आहे. ऑफर देतानाच एका कागदावर दोन ओळी लिहून मुलाची सही घ्या: कंपनीकडून इतके, अमुक तारखेपर्यंत, सरकारकडून इतके, आधार जोडलेल्या खात्यात. कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत देणे नियमानेच बंधनकारक आहे.

त्या ‘वेगळ्याच खात्यात’ची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तक्रारींतला मोठा भाग तिथून येतो. सरकारी थेट जमा खाते क्रमांक बघून होत नाही, आधार बघून होते. आधारशी सर्वांत शेवटी ज्या बँकेने खाते जोडले, तिथे पैसे पडतात. मुलाने कंपनीला पासबुकची झेरॉक्स दिलेली असते पुण्यातल्या खात्याची, आणि आधार जोडलेले असते दहावीत शिष्यवृत्तीसाठी गावच्या शाखेत काढलेल्या खात्याला. पैसे तिथे जमा होत राहतात, मुलगा पोर्टलवर ‘यशस्वी’ असा शेरा पाहून चक्रावतो आणि एचआरशी भांडतो. रुजू होण्याच्या दिवशीच आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे त्याची, स्थिती तपासा. तिथे बँकेचे नाव दिसते. वेगळी बँक निघाली तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज भरायला मुलाला अर्धा दिवस सुट्टी द्या. पुढचे वर्षभर डोकेदुखी नाही.

पोर्टल हा या सेवेचा सगळ्यात कमकुवत भाग. पाचपैकी दोन गुण, आणि तेही पूर्वीपेक्षा बरे झाले म्हणून. क्रम असा: आस्थापनेची नोंदणी, जागेची जाहिरात, उमेदवाराचा अर्ज, ऑफर, उमेदवाराची स्वीकृती, करार, आणि कराराला मंजुरी. नोंदणीला पॅन, जीएसटी, पीएफचा कोड आणि मनुष्यबळाचा आकडा लागतो. प्रत्येक टप्पा पुढच्याला अडवून धरतो. उमेदवाराने ऑफर स्वीकारायचे बटण दाबले नाही तर करार तयारच होत नाही, आणि ते बटण त्याच्या लॉगिनमधून दाबावे लागते. लॉगिनला ओटीपी लागतो, ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल असतो गावी वडिलांकडे. हसू नका, हे रोज होते. अर्ज भरायला बसताना वडिलांना फोन लावून ठेवा. उमेदवार १८ च्या आतला असेल तर करारावर पालकाची सही तसाही लागतेच. धोकादायक उद्योगात १८ च्या आतला घेताच येत नाही. इतरत्र किमान वय १४ आहे.

दुसरा अडथळा नावाचा, आणि तो खास आपल्याकडचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. त्यात एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आधार बदललेले आणि आयटीआयचे कागद माहेरच्या नावाने. पोर्टल केवायसी आधारवरून करते, मग पुढे प्रमाणपत्रावरही तेच नाव जाते. शेवटी हातात दोन प्रमाणपत्रे येतात, दोन नावांची, आणि नोकरीच्या पडताळणीत तो मुलगा दोन माणसे ठरतो. आधारमधली दुरुस्ती करार होण्याआधी करून घ्यावी. नंतर करायला गेलात तर करारात, परीक्षेच्या अर्जात आणि प्रमाणपत्रात अशी तीन ठिकाणी दुरुस्ती लागते.

तिसरी चूक तारखेची. मुलगा एक तारखेला आला, कामाला लागला, करार २३ ला मंजूर झाला. मधल्या बावीस दिवसांत तो कोण? शिकाऊ उमेदवार नाही, कारण करार नाही. मग तो साधा कामगार, म्हणजे किमान वेतन आले, पीएफ आले, ईएसआय (कामगार विमा) आले. कराराशिवाय शॉपफ्लोअरवर पाऊल नको. फार तर त्या दिवसांत मुलाखत, वैद्यकीय तपासणी, गणवेशाचे माप उरकून घ्या. तसेच ज्याचा आधीच्या कंपनीतला करार पोर्टलवर उघडाच राहिला आहे, त्याचा नवा करार अडतो. मुलाखतीतच विचारा: पूर्वी कुठे शिकाऊ होतास का, आणि सोडताना करार बंद केला का? तुमच्याकडचा मुलगा मधेच सोडून गेला तर करार त्याच आठवड्यात बंद करा. कायद्यात दोन्ही बाजूंना भरपाईची तरतूद आहे. सोडून गेलेल्या मुलाकडून प्रशिक्षणाचा खर्च वसूल करायला मात्र कोणी जात नाही, आणि जाऊही नये.

करार झाला की कायद्याची चौकट अशी. पीएफ नाही, ईएसआय नाही, बोनस आणि ग्रॅच्युइटी नाही. मालकांना इथपर्यंतचे पाठ असते, पुढचे नसते. ओव्हरटाइम चालत नाही. त्यासाठी सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, आणि ती ‘ऑर्डर आली आहे’ या कारणावर मिळत नाही. नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादनाच्या इन्सेंटिव्हमध्येही त्याला धरता येत नाही. बारा तासांच्या पाळीवर चालणाऱ्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. आठ तासांनंतर मुलगा ‘स्वखुशीने थांबला’ ही सबब अपघात झाला की टिकत नाही.

अपघाताचेच घ्या. ईएसआय नाही म्हणजे कामगाराच्या बोटाला लागले तर ईएसआयचे रुग्णालय आणि नंतरचे लाभ, शिकाऊच्या बोटाला लागले तर काही नाही. भरपाईची जबाबदारी मात्र कायद्याने मालकावरच आहे. पॉवर प्रेस, मिलिंग, ग्राइंडिंग असलेल्या शॉपने वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनची पॉलिसी घेताना शिकाऊंची संख्या आणि विद्यावेतन त्यात स्पष्ट लिहून घ्यावे, वैद्यकीय खर्चाचे वाढीव कलमही जोडावे. एजंट ‘सगळे कामगार आले त्यात’ म्हणतो. शिकाऊ हा कायद्याने कामगार नाही, हे त्याला सांगा आणि नाव लेखी घ्या.

आता शिकवण्याबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते इथे. आयटीआय टर्नर वर्षभरासाठी येतो. बहुतेक शॉपमध्ये त्याला पहिल्या दिवशी सीएनसीसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनसमोर, उभे करतात: दार उघड, जॉब (घडवायचा भाग) काढ, नवा लाव, बटण दाब, बर (कडेला उरलेली धातूची कोर) काढ, ट्रेमध्ये ठेव. चार दिवसांत तो हे शिकतो आणि पुढचे ३६१ दिवस हेच करतो. वर्षाअखेरीस परीक्षेत त्याच्यासमोर साधी लेथ आणि ड्रॉइंग येते, चुडी (आटे) कापायला सांगतात, आणि त्याने वर्षभरात टूल ग्राइंडिंगच्या चाकाला हातही लावलेला नसतो. मुलगा नापास होतो, दोष आयटीआयला दिला जातो.

चांगल्या शॉपमध्ये पहिला महिना मोजण्याचा असतो. व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. पण एकाच जॉबचे माप तीन मुलांनी घेतले तर तीन आकडे येतात, कारण एकाने रॅचेट न वापरता थिंबल आवळला, दुसऱ्याने जॉब पुसला नाही, तिसऱ्याने गरम जॉबच मोजला. रोज सकाळी दहा जॉब, तीन मुले, आकडे फळ्यावर. पंधरा दिवसांत तिघांचे आकडे एका जागी येतात. त्यानंतर दोन महिने साध्या लेथवर. म्हणून कोपऱ्यातली जुनी लेथ भंगारात विकू नका. चौथ्या महिन्यापासून सीएनसी, पण लोडिंगबरोबर ऑफसेटही, म्हणजे टूलच्या जागेची बारीक दुरुस्ती.

ऑफसेटचे एक उदाहरण जवळून पाहा. शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच सात, म्हणजे २५.००० ते २४.९७९ च्या मध्ये जॉब पास. हातात २१ मायक्रॉन आहेत. इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) झिजत जाते तसा व्यास वाढत जातो. सकाळी २४.९८५ येणारा जॉब दुपारी २४.९९७ ला पोचतो. ऑपरेटर सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) हाक मारतो, सेटर दुसऱ्या मशीनवर अडकलेला, मशीन वीस मिनिटे उभी. शिकाऊला वेअर ऑफसेट (झिजेपुरती दुरुस्ती) देता आला तर तो एक्स अक्षात वजा ०.०१० टाकून मोकळा होतो आणि पुढचा जॉब २४.९८७ येतो. चूक कुठे होते? चिन्हात आणि दशांशात. वजाऐवजी अधिक टाकले तर व्यास वाढतो. तो जॉब निदान परत कापता येतो. पण ०.०१ ऐवजी ०.१ गेले की जॉब थेट भंगारात. काही कंट्रोलवर दशांश चिन्ह न देता १० टाकले तर मशीन ते १० मायक्रॉन समजते, काहींवर १० मिलिमीटर. दुसऱ्या प्रकारात जॉब जातो, टूल जाते, आणि नशीब वाईट असेल तर टरेटही (टूल धरणारा भाग) हलते. म्हणून नियम असा ठेवतात: पहिले तीन महिने शिकाऊने आकडा टाकायचा, ऑपरेटरने पडदा वाचायचा, मग बटण. नंतर एकट्याने, पण एका वेळी ०.०२० च्या वर नाही. ज्या शॉपमध्ये हे बसले, तिथे सेटरच्या हाका निम्म्यावर येतात, आणि मशीन उभी राहण्याचा जो वेळ वाचतो त्यापुढे ते दीड हजार रुपये किरकोळ आहेत.

त्यानंतर इन्सर्ट बदलणे, सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणे, पहिल्या जॉबची तपासणी, आणि शेवटचा दीड महिना पुन्हा साध्या लेथवर परीक्षेचा सराव. रोजची नोंदवही हवीच: तारीख, मशीन, जॉबचा क्रमांक, काय केले, कोणते माप आले, कुठे चुकले, कोणाची सही. ‘टर्निंग केले’ अशी सलग तीस दिवस एकच ओळ असलेल्या वह्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत भरलेल्या असतात. शाईचा रंगच सांगतो.

शिकवणार कोण, हा प्रश्न मालक टाळतात. उत्तर एकच, सेटर. आणि सेटरला त्यात रस नसतो, कारण त्याचा इन्सेंटिव्ह नगांवर आहे. शिकाऊला समजावण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. एवढे साधे गणित न सोडवता ‘आमचे लोक शिकवत नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. सेटरच्या लक्ष्यातून रोजचा एक तास वगळा किंवा त्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या. एका सेटरमागे दोन शिकाऊ, तिसरा नको.

आणखी एक अट आहे, तिचा योजनेच्या कागदात उल्लेख नाही. रिजेक्शनची (नापास जॉबची) मशीनवार, कारणवार नोंद न ठेवणाऱ्या शॉपमध्ये शिकवण्यासारखे काही लिहिलेलेच नसते. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत २००८ पासून झालेला व्यवस्थापनाचा प्रयोग अर्थशास्त्रात गाजला. १७ कंपन्या, २८ कारखाने. ज्यांना व्यवस्थापन सल्लागार दिले तिथे त्या सल्लागारांनी नवी यंत्रे आणली नाहीत. दोषांची रोजची नोंद, साठ्याचा हिशोब, देखभालीचे वेळापत्रक असल्या सवयी लावल्या, आणि पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. शिकाऊ घेतल्यावर लहान शॉपला या नोंदी करायला एक मोकळा हात मिळतो. मुलाचे ते शिक्षण असते, मालकाचा तो डेटा.

मुदत संपली की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, आणि पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. फॉर्म, शुल्क, प्रवेशपत्र याची जबाबदारी नेमकी कोणाची यावर कंपनी आणि मुलगा एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तारीख निघून जाते. आपल्या जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र असते. पोर्टलवर वाट पाहण्यापेक्षा तिथल्या गटनिदेशकाला महिन्यातून एक फोन केलेला बरा. या केंद्रांची सेवा जिल्ह्यागणिक बदलते, पण जिथे माणूस जागेवर भेटतो तिथे पोर्टलपेक्षा कितीतरी पटींनी काम होते. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन.

प्रमाणपत्र हे मुलाच्या दृष्टीने या सगळ्यातले खरे धन, आणि मालकाला सर्वांत न आवडणारी गोष्टही तीच. ‘आम्ही शिकवायचे आणि मोठ्या कंपनीने पळवायचा’ ही तक्रार खोटी नाही. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही, तशी थांबण्याची सक्ती मुलावरही नाही. युगांडात काही वर्षांपूर्वी तरुणांच्या दोन गटांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला व्यवसाय संस्थेत शिकवून प्रमाणपत्र दिले, दुसऱ्याला थेट लहान कारखान्यांत शिकायला ठेवले. दोन्ही गटांची कमाई वाढली. पण प्रमाणपत्रवाल्यांना एक नोकरी सुटली तर दुसरी लवकर मिळत गेली, कारखान्यात शिकलेले त्याच कारखान्याच्या ओळखीवर अडकले. आपल्याकडे दोन्ही एकत्र मिळायची सोय आहे. मुलगे ती ओळखून आहेत. किमान विद्यावेतनावर प्रमाणपत्र न देणाऱ्या शॉपमध्ये ते टिकत नाहीत, आणि परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शॉपकडे पुढच्या वर्षी आयटीआयमधून नावे आपोआप येतात. पळवापळवीवर एवढेच औषध आहे: दर वर्षी दोन घ्या, एक राहील, एक जाईल.

पर्यायांकडे धावती नजर. आता बंद झालेल्या ‘नीम’ या केंद्राच्या प्रशिक्षण योजनेत पुणे पट्ट्यातल्या कंपन्यांनी हजारो प्रशिक्षणार्थी लाइनवर उभे केले. शिकवणे नावापुरते होते, आणि आजच्या ‘ट्रेनी’ शब्दाला जो वास येतो तो तिथला. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मालकाला फुकट पडते: बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये राज्य सरकार देते, आणि सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा झाली. पण तिच्या शेवटी व्यवसाय परीक्षा नाही. ऑफिस, स्टोअर, डिस्पॅचसाठी ती ठीक, मशीन शॉपसाठी नाही. ताज्या पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी शिक्षण खात्याची ‘नॅट्स’ आहे. तिच्यात सरकार किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा उचलते, म्हणून क्यूए (गुणवत्ता तपासणी) किंवा डिझाइनसाठी डिप्लोमा मुलगा हवा असेल तर नॅप्सऐवजी तिकडे जा.

शेवटी मध्यस्थांविषयी. पोर्टलचा ताप नको म्हणून कंपन्या थर्ड पार्टी अ‍ॅग्रिगेटर नेमतात, ते डोई महिन्याला शुल्क घेतात. पाच-दहा उमेदवारांच्या वर गेलात तर सोयीचे, दोन-तीनसाठी गरज नाही. नेमण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. विद्यावेतन त्यांच्यामार्फत जाणार की तुमच्या खात्यातून थेट? परीक्षेचा अर्ज कोण भरणार? आणि करार कोणत्या ट्रेडचा (व्यवसायाचा)? या तिसऱ्यात मेख आहे. सोयीसाठी मध्यस्थ आयटीआय टर्नरलाही कुठल्यातरी सहा महिन्यांच्या ऐच्छिक (सरकारच्या ठरलेल्या यादीबाहेरच्या) ट्रेडमध्ये टाकतो, कारण ऐच्छिक ट्रेडची मुदत सहा महिन्यांपासून ठेवता येते. मुलाला वाटते तो टर्नरची शिकाऊ उमेदवारी करतोय. मुदत संपल्यावर त्याच्या हाती वेगळ्याच कामाच्या नावाचे प्रमाणपत्र येते, आणि व्यवसाय परीक्षेला बसायची संधी गेलेली असते. कराराच्या पहिल्या पानावर ट्रेडचे नाव छापलेले असते. सही करण्याआधी तेवढी ओळ मुलाला मोठ्याने वाचायला सांगा.